उत्तर देण्याआधी ऐकणे

दोन माणसांच्या बोलण्यात एक बोलतो आणि दुसरा ऐकतो, हे वर्णन वरवर बरोबर असले तरी अपुरे आहे. कारण ऐकणारा बहुधा ऐकता ऐकताच उत्तराची जुळवाजुळव करत असतो, समोरच्याच्या बोलण्यातला एखादा धागा पकडून त्यावर आपला अनुभव, सल्ला किंवा आक्षेप तयार ठेवत असतो, आणि बोलणारा श्वास घेण्यासाठी थांबला की तो पुढे करत असतो. व्यवहारातल्या बहुसंख्य कामांना ही रीत पुरते. गॅसचा नंबर लावला का, सभा किती वाजता आहे, अशा गोष्टी विचारायच्या असतील तर प्रश्न आणि उत्तर यांची झटपट देवाणघेवाणच सोयीची असते. मात्र जेथे सांगणाऱ्याच्या मनातील गोष्ट त्याची त्यालाच पुरती उलगडलेली नसते, किंवा उलगडलेली असूनही ती बोलून दाखवण्याची भीती वाटत असते, तेथे ही रीत तोकडी पडते. अशा प्रसंगांसाठी गेल्या सुमारे शंभर वर्षांत मानसशास्त्राने जी साधने घडवली, त्यांत दोन अगदी साधी आणि रोजच्या बोलण्यात वापरता येण्याजोगी आहेत : परावर्ती श्रवण आणि मुक्त प्रश्न.

परावर्ती श्रवण म्हणजे बोलणाऱ्याच्या म्हणण्यातून ऐकणाऱ्याला जो अर्थ आणि जी भावना उमगली, ती थोडक्यात, स्वतःच्या शब्दांत आणि बरे-वाईट न ठरवता पुन्हा बोलणाऱ्यापुढे ठेवणे, म्हणजे ती बरोबर आहे की चुकीची हे त्याला सांगता येईल. मुक्त प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादा आकडा एवढ्यात आटोपत नाही आणि ज्याच्या उत्तराची सुरुवात कोठून करायची हे उत्तर देणाराच ठरवतो, असा प्रश्न. दोन्ही साधनांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे : मुद्दा नेमका काय आहे, हे सांगण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडेच राहू द्यायचा. या तत्त्वाचा उगम कोठे झाला, ते प्रत्यक्षात कसे वापरतात, त्याला पुरावा काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

उगम : रोचेस्टर आणि हॉथॉर्न

या विचाराशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांचे आहे. १९२८ पासून सुमारे बारा वर्षे ते न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करत होते. त्या काळातील एक प्रसंग त्यांनी पुढे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन बिकमिंग अ पर्सन’ या ग्रंथात नोंदवला आहे. एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वागण्याचे मूळ आईने त्याला लहानपणी मनातून नाकारण्यात आहे, असा निष्कर्ष काढून रॉजर्स अनेक भेटींत तो तिच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न करत राहिले; तिनेच दिलेल्या माहितीच्या आधारे ते तिला हे समजावत होते, तरी गाडी पुढे सरकेना. शेवटी दोघांनीही प्रयत्न सोडून देण्याचे ठरवले. निरोप घेऊन दारापर्यंत गेलेली ती बाई वळली आणि तिने विचारले, येथे मोठ्या माणसांचे समुपदेशन होते का? होकार मिळताच ती परत येऊन बसली आणि आपल्या वैवाहिक जीवनातील दुःख सांगू लागली. आतापर्यंत सांगितलेल्या साचेबंद हकिकतीशी त्याचे फारसे साम्य नव्हते. कुठे दुखते, कोणत्या वाटेने जायचे आणि कोणते अनुभव खोल दडलेले आहेत हे त्या व्यक्तीलाच ठाऊक असते, या रॉजर्स यांच्या विचाराला या प्रसंगाने बळ दिले.

१९४० साली ते ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९४२ साली त्यांचे समुपदेशनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. एका सल्लार्थीच्या समुपदेशनाच्या सर्व बैठकांचे ध्वनिमुद्रण करून त्यांचा शब्दशः मजकूर त्यात छापलेला होता आणि त्या सल्लार्थीला, म्हणजे समुपदेशनासाठी आलेल्या व्यक्तीला, हर्बर्ट ब्रायन हे टोपणनाव दिले होते. तोपर्यंत समुपदेशक आपल्या बैठकींचे वृत्त आठवणीतून लिहीत आणि आठवण नेहमीच सोयीची बाजू जपते. ध्वनिमुद्रणामुळे समुपदेशकाच्या कोणत्या वाक्यानंतर सल्लार्थी मोकळा झाला आणि कोणत्या वाक्यानंतर तो मिटला, हे प्रथमच ओळीगणिक तपासता आले. या पद्धतीला रॉजर्स यांनी सुरुवातीला अनिर्देशित समुपदेशन, म्हणजे दिशा न लादणारे समुपदेशन, आणि १९५१ च्या ग्रंथापासून सल्लार्थी-केंद्रित उपचारपद्धती असे म्हटले.

याच्या थोडे आधी, अगदी वेगळ्या क्षेत्रात, हाच शोध लागला होता. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी मुलाखतकारांच्या हाती ठरावीक प्रश्नांची यादी असे आणि ते मुकादम, काम व परिस्थिती यांविषयी क्रमाने विचारत. पण कामगार पुन्हा पुन्हा यादीबाहेरच्या गोष्टींकडे वळत असल्याचे लक्षात आले. १९२९ साली यादी बाजूला ठेवण्यात आली आणि कामगाराला जे महत्त्वाचे वाटते त्यावर त्याला बोलू द्यावे, मध्ये तोडू नये, असे ठरले. त्यामुळे अर्ध्या तासाची मुलाखत एक ते दीड तासापर्यंत लांबली, आणि तक्रारीमागे दडलेले घरचे, मानापमानाचे आणि भीतीचे विषय बाहेर आले. प्रश्नांची यादी ही विचारणाऱ्याच्या मनाचा नकाशा असते, कामगाराच्या मनाचा नव्हे, हा या प्रयोगाचा धडा होता.

१९५७ साली रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेमुळे ‘सक्रिय श्रवण’ ही संज्ञा उद्योगजगतात रूढ झाली, आणि रॉजर्स यांचे सहकारी थॉमस गॉर्डन यांनी १९७० सालच्या पालकत्वावरील पुस्तकातून ती घराघरांत नेली.

परावर्तनाच्या पायऱ्या

परावर्ती श्रवणाच्या साधारणपणे चार पायऱ्या मानता येतात. पहिली पायरी पुनरुक्तीची : बोलणाऱ्याचा महत्त्वाचा शब्द तसाच उचलून त्याच्यापुढे ठेवायचा. “ऑफिसात आता जावंसंच वाटत नाही,” असे कोणी म्हटले की “जावंसंच वाटत नाही,” एवढेच म्हणून थांबायचे. दुसरी पायरी अर्थांतराची : “सकाळ झाली की अंगावर येतं म्हणायचं,” असे आपल्या शब्दांत सांगायचे. तिसरी पायरी भावनेची, आणि तीच सर्वांत फलदायी : “एवढं करूनही कुणाला किंमत नाही, हे लागतंय तुला,” असे न बोललेले पण जाणवलेले म्हणणे मांडायचे. चौथी पायरी सारांशाची : बरेच बोलून झाल्यावर दोन-तीन धागे एकत्र बांधून “एकीकडे नोकरी सोडावीशी वाटते, दुसरीकडे घराचे हप्ते डोळ्यांपुढे येतात, आणि या सगळ्यात घरी काही बोललेलं नाहीस,” असे सांगायचे आणि काही राहिले का ते बघायचे.

या चारही पायऱ्यांवर एक गोष्ट समान आहे. परावर्तन हे विधान असते, प्रश्न नसतो. वाक्याच्या शेवटी आवाज वर न जाता खाली येतो. “तुला राग आलाय?” या प्रश्नात किंचित संशय असतो आणि बोलणारा बचावाच्या पवित्र्यात जाऊ शकतो, “राग आलाय तुला,” हे शांतपणे उच्चारलेले वाक्य त्याला पुढे बोलायला मोकळीक देते. मात्र विधान असले तरी तो निवाडा नव्हे. शिंप्याने कच्चे टाके घालून कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघावा, तसे ते असते; कुठे ढिले आहे, कुठे आवळते आहे, हे गिऱ्हाईकच सांगणार आणि टाके उसवण्याची तयारी आधीपासूनच ठेवलेली असणार. म्हणून “नाही, तसं नाही,” हे उत्तर आले तर परावर्तन फसले असे समजण्याचे कारण नाही, कारण त्या नकारानंतर बहुधा अधिक नेमके वाक्य येते.

ही गोष्ट दुर्लक्षित राहिली की परावर्तनाचे विडंबन होते. रॉजर्स यांच्या हयातीतच त्यांची पद्धत ‘समोरचा जे बोलेल ते पोपटासारखे म्हणणे’ एवढ्यावर आणली गेली आणि त्याबद्दल त्यांनी उतारवयात उघड नाराजी व्यक्त केली. आपण भावना परावर्तित करत नसून आपली समज बरोबर आहे की नाही हे तपासून घेत असतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९६६ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाची संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली आणि तिच्या सर्वांत गाजलेल्या रूपात अशाच समुपदेशकाची नक्कल केलेली होती. टंकलेल्या वाक्यातील शब्द उलटसुलट करून ते प्रश्नाच्या किंवा विधानाच्या रूपात परत करणे, एवढेच ती करत असे. तिला अर्थ काडीचाही कळत नव्हता. तरीही वायझेनबॉम यांच्या सचिव बाईंनी तिच्याशी ‘बोलताना’ त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. माणूस ऐकून घेतले जाण्यासाठी किती आसुसलेला असतो हे यातून दिसते, आणि नुसती शब्दांची फिरवाफिरव ही काही काळ ऐकण्याचा आभास निर्माण करू शकते हेही दिसते.

प्रश्नांचे तीन प्रकार

प्रश्नांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. बंदिस्त प्रश्नाला मोजकी उत्तरे असतात : “जेवलास का?”, “ताप किती आहे?” मुक्त प्रश्नाला अशी सीमा नसते : “आजचा दिवस कसा गेला?”, “नेमकं काय काय झालं?”, “याबद्दल तुझ्या मनात काय आहे?” तिसरा प्रकार सूचक प्रश्नाचा, ज्यात अपेक्षित उत्तर प्रश्नातच दडलेले असते : “तू अभ्यास केलाच नसशील ना?” १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १४१ मध्ये सूचक प्रश्नाची व्याख्या, विचारणाऱ्याला जे उत्तर हवे किंवा अपेक्षित आहे ते सुचवणारा प्रश्न, अशीच केलेली होती, विरुद्ध पक्षाने हरकत घेतल्यास साक्षीदाराच्या सरतपासणीत असे प्रश्न न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नसत, मात्र उलटतपासणीत विचारता येत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हा भेद कायम आहे. रोजच्या घरगुती संभाषणाचे सूर अनेकदा सरतपासणीपेक्षा उलटतपासणीकडे का झुकतात, हे या व्याख्येवरून सहज ताडता येते.

प्रश्नाच्या घडणीचा उत्तरावर किती परिणाम होतो, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगाने दाखवले. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या त्याच चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारण्यात आला; प्रश्नात गाड्या एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद होते तेव्हा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैलांचा आला, आणि ‘धडकल्या’ अशा अर्थाचे साधे क्रियापद होते तेव्हा तो ३४ मैलांवर उतरला. डोळ्यांनी पाहिलेल्या वेगाबाबत जर एका क्रियापदाने एवढा फरक पडत असेल, तर स्वतःच्या धूसर भावनेबाबत तो पडल्यास नवल नाही.

मुक्त प्रश्नांतही सारखेपणा नाही. “का” ने सुरू होणारा प्रश्न रूपाने मुक्त असला तरी मराठी घरांत तो बहुधा जाब विचारण्यासाठी वापरला जातो, “का गेला नाहीस?” याचे उत्तर देताना माणूस कारण शोधत नाही, सबब शोधतो. त्याऐवजी “जायचं कशामुळे राहिलं?” किंवा “त्या वेळी काय काय चाललं होतं?” असे विचारले तर घटना सांगितली जाते आणि कारण तिच्यातून आपोआप उमटते. त्याचप्रमाणे निरोपाच्या वेळी सवयीने विचारला जाणारा “बाकी काही नाही ना?” हा प्रश्न खरे तर दार लोटून घेणारा असतो. याच्याशी मिळताजुळता फरक अमेरिकेतील जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ साली डॉक्टरांच्या भेटींत तपासला. इंग्रजीतील ज्या शब्दयोजनेत ‘नाही’ची अपेक्षा डोकावते तिच्याऐवजी ‘हो’ला वाव देणाऱ्या शब्दयोजनेत “आणखी काही सांगायचे आहे का?” असे विचारले असता, असा प्रश्न ठरवून न विचारलेल्या भेटींच्या तुलनेत न सांगता राहून गेलेल्या तक्रारींचे प्रमाण ७८ टक्क्यांनी घटले. वाक्यात बदल झाला होता तो केवळ एका शब्दाचा.

मुक्त प्रश्न विचारून लगेच उत्तराची घाई केली तर तो बंदिस्तच होतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असे आढळले. हा विराम तीन सेकंदांवर नेला की विद्यार्थ्यांची उत्तरे लांबली, त्यांत कारणमीमांसा आली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली.

एक विषय, दोन संभाषणे

ही दोन्ही साधने एकत्र कशी चालतात हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. वाईजवळच्या गावात एकटे राहणारे निवृत्त शिक्षक अण्णा यांना मुलगा पुण्याला बोलावतो आहे आणि ते टाळत आहेत. मुलगी सुनंदा फोनवर त्यांच्याशी बोलते.

“अण्णा, दादा एवढं म्हणतोय तर पुण्याला का जात नाही तुम्ही?”

“बघू.”

“बघू काय? तिथं डॉक्टर जवळ, लिफ्ट आहे, नातवंडं आहेत. इथं उद्या पाय घसरून पडलात तर कळणार तरी कुणाला?”

“माझं बरं चाललंय. ठेवतो आता, दूधवाला यायची वेळ झाली.”

सुनंदाच्या बोलण्यात चुकीचे असे एकही विधान नाही. प्रत्येक मुद्दा रास्त आहे आणि मायेपोटी आलेला आहे. तरीही संभाषण चार वाक्यांत संपले. आता तेच संभाषण दुसऱ्या रीतीने :

“अण्णा, पुण्याला जायचा विषय निघाला की तुमच्या मनात काय येतं?”

“काय येणार? दादा बोलावतो, सूनबाईही चांगली आहे. त्यांचं काही नाही.”

“त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण गाव सोडवत नाही.”

“गावाचं नाही गं तसं. सकाळी पारावर चार माणसं भेटतात. अजून गुरुजी म्हणतात. कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाचा सातबारा वाचून दाखव. तिकडं काय, गॅलरीत बसायचं.”

“इथं तुमची कुणाला तरी गरज लागते. तिथं नुसतं सांभाळून घेतील, असं वाटतं.”

“सांभाळून घ्यायचीच वेळ आलीय आता. परवा न्हाणीत पाय घसरला, बराच वेळ उठता येईना. कुणाला बोललो नाही.”

“घाबरला असाल.”

“तुझी आई असती तर हाक ऐकली असती.”

दुसऱ्या संभाषणात सुनंदाने एकच प्रश्न विचारला आणि तो मुक्त होता. तिचे पहिले परावर्तन चुकले. अडचण गाव सोडण्याची नव्हती. परंतु ती चूक दुरुस्त करताना अण्णांनी पारावरच्या मानाची खरी गोष्ट सांगितली. दुसरे परावर्तन नेमके बसले आणि त्यामुळे लपवलेली घटना बाहेर आली. पहिल्या संभाषणात सुनंदाने पाय घसरण्याचा धाक घातला होता, आणि अण्णा तेच लपवत होते. म्हणूनच त्यांनी दूधवाल्याची आठवण काढली. शिवाय आता प्रश्नाचे स्वरूपच पालटले आहे. न्हाणीत आधाराची दांडी बसवणे, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवणे, पुण्यात अण्णांच्या हाती देता येईल असे काम शोधणे, अशा कितीतरी गोष्टींवर बोलता येईल. पहिल्या संभाषणात पुण्याला जाणे किंवा न जाणे एवढ्या दोनच वाटा होत्या.

हे अवघड का जाते

एवढी साधी वाटणारी रीत अंगवळणी का पडत नाही, याचे एक कारण संभाषणाच्या गतीत आहे. तान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली जगातील दहा भाषांची तुलना केली, तेव्हा एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांतील अंतर सर्वत्र सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आढळले. एखादे छोटेसे वाक्य मनात रचून उच्चारायलाही याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपले उत्तर तयार होत असते. हा दोष व्यक्तीचा नसून बोलण्याच्या घडणीचाच आहे, आणि त्यामुळेच ऐकण्यासाठी जाणीवपूर्वक विराम घ्यावा लागतो.

दुसरे कारण सद्‌हेतूत आहे. गॉर्डन यांनी संवादातील बारा अडथळ्यांची यादी केली होती. आज्ञा, धमकी, प्रवचन, सल्ला, युक्तिवाद, दोषारोप, कौतुक, टोपणनावे ठेवणे, मनाचे निदान करणे, धीर देणे, उलटसुलट विचारणे आणि विषय बदलणे, असे त्यांचे स्वरूप आहे. या यादीत सल्ला, कौतुक आणि धीर यांना जागा मिळालेली पाहून अनेकांना धक्का बसतो. पण “काही होत नाही रे, सगळं ठीक होईल,” या वाक्याचा परिणाम बहुधा समोरच्याचे बोलणे तेथेच थांबण्यात होतो, कारण ठीक होणार असेल तर बोलायचे उरले काय?

ऐकणारा निष्क्रिय नसतो, हे जॅनेट बॅव्हेलास आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगात दिसून आले. थोडक्यात बचावल्याचा प्रसंग सांगणाऱ्यांपुढे त्यांनी दोन प्रकारचे श्रोते बसवले. काही मन लावून ऐकत होते, तर काहींना बोलण्यातील ‘टी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे शब्द मोजण्याचे काम गुपचूप दिलेले होते. मोजणाऱ्यांचे हुंकार आणि चेहऱ्यावरचे भाव प्रसंगाशी जुळेनासे झाले, आणि सांगणाऱ्यांची गोष्टही बिघडली. विशेषतः शेवट रंगेना, तोच तो भाग पुन्हा सांगितला जाऊ लागला. कीर्तनकाराला समोरच्या श्रोत्यांवरून जे कळते, ते येथे प्रयोगशाळेत मोजले गेले. मोबाइलकडे डोळे लावून “हं, बोल, ऐकतोय,” असे म्हणणाऱ्या माणसासमोर सांगणारा अडखळतो, याचे कारण यातच आहे.

पुरावा : दवाखाना ते गोव्यातील आरोग्य केंद्रे

ऐकण्यात वेळ जातो, ही तक्रार सर्वाधिक डॉक्टरांकडून येते. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ साली ७४ भेटींच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवले की, रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात. न तोडल्यास रुग्ण किती वेळ बोलेल, याचे उत्तर २००२ साली स्वित्झर्लंडमधील एका पाहणीत मिळाले : सरासरी सुमारे ९२ सेकंद, आणि दर पाचांपैकी जवळजवळ चार रुग्ण दोन मिनिटांच्या आत थांबले. म्हणजे सर्व ऐकून घेतल्याने जाणारा वेळ भीतीपेक्षा बराच कमी असतो.

दुसरा पुरावा व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेली ‘प्रेरणावर्धक मुलाखत’ ही पद्धत मुक्त प्रश्न, गुणांची दखल, परावर्तन आणि सारांश या चार खांबांवर उभी आहे. तिच्यात एका प्रश्नामागे साधारण दोन परावर्तने असावीत असा दंडक शिकवला जातो, कारण सलग प्रश्नांनी चौकशीचा सूर येतो. मिलर यांच्या १९९३ च्या अभ्यासात समुपदेशक जितका जास्त खडसावत गेला, तितके त्या व्यक्तीचे पिण्याचे प्रमाण वर्षभरानंतर अधिक आढळले.

या पद्धतीच्या आधारे घडवलेला एक उपचार गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासला गेला. ‘संगत’ या गोव्यातील संस्थेच्या संशोधकांनी मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन हानिकारक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांशी संवाद साधण्यास नेमले. अभ्यासात ३७७ पुरुष होते, आणि निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर नेहमीचे उपचारच मिळालेल्यांपैकी २६ टक्के, तर हे समुपदेशनही मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष हानिकारक मद्यपानातून बाहेर आलेले दिसले. “किती पिता?” या प्रश्नाला खोटे उत्तर देण्याची सवय जडलेल्या माणसाला “पिण्याबद्दल तुम्हांला स्वतःला काय वाटतं?” असे विचारले, तर बदलाची कारणे त्याच्याच तोंडून येतात, आणि दुसऱ्याने ऐकवलेल्या कारणांपेक्षा स्वतः बोललेली कारणे माणूस अधिक मानतो, हा या पद्धतीमागील विचार आहे.

मर्यादा

या साधनांना सर्व दुखण्यांवरचा उतारा मानणे चुकीचे ठरेल. जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली १३० नवविवाहित जोडप्यांच्या भांडणांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा सुखी जोडपीही भांडताना एकमेकांच्या म्हणण्याचे परावर्तन क्वचितच करतात आणि त्यावरून पुढील सुखाचा अंदाज बांधता येत नाही, असे आढळले. स्वतःवरच आरोप होत असताना शांतपणे त्याचा अर्थ परत मांडणे हे फार थोड्यांना जमते. तिसऱ्या व्यक्तीबद्दलचे दुःख ऐकताना हे साधन जसे चालते तसे ते स्वतःविरुद्धच्या तक्रारीत चालेलच असे नाही.

काही प्रसंगी बंदिस्त प्रश्नच योग्य असतो. साप चावलेल्या माणसाला मुक्त प्रश्न विचारायचे नसतात. केव्हा चावला आणि कुठे चावला हे विचारून त्याला रुग्णालयात न्यायचे असते. कोणाच्या बोलण्यात जीव देण्याचे विचार डोकावत असतील तर “जीव द्यावा असं मनात येतं का?” असे स्पष्ट विचारावे, असे विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. त्यानंतर त्या व्यक्तीला एकटे न सोडता तज्ज्ञांकडे न्यावे. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते. शिवाय ही साधने विक्रेत्याच्या आणि फसवणाऱ्याच्या हातातही तितकीच चालतात. समोरच्याकडून काढून घेतलेली गोष्ट नंतर त्याच्याविरुद्ध वापरली, तर उत्तम परावर्तनही विश्वासघातच ठरते.

रोजच्या वापरासाठी

१९५२ साली रॉजर्स यांनी वादासाठी एक नियम सुचवला होता : आधी बोललेल्या माणसाचे म्हणणे आणि भावना त्याचे समाधान होईल अशा रीतीने सांगता आल्याशिवाय कोणीही आपला मुद्दा मांडायचा नाही. हा नियम ऐकायला सोपा आणि पाळायला कठीण आहे, म्हणून सराव वादापासून सुरू करू नये. दिवसातले एकच संभाषण निवडावे, तेही बिनमहत्त्वाचे. त्यात एक मुक्त प्रश्न विचारावा, विचारून तीन सेकंद गप्प राहावे, आणि जे कळले ते एका वाक्यात परत सांगून पुन्हा थांबावे. सल्ला द्यायचाच असेल तर तो त्यानंतर, आणि “मला एक सुचतंय, सांगू का?” असे विचारून द्यावा. सल्ला टाळणे हा या पद्धतीचा हेतू नाही. चुकीच्या प्रश्नावर दिलेला सल्ला टाळणे हा आहे, आणि प्रश्न बरोबर पकडला की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा प्रश्न आहे त्याचाच असतो.